शिपायाची लांच आणि साहेबाची देखरेख

बाजारपेठेंतील एखाद्या जुन्या दुकानदारास सहज विचारावें कीं, ‘काय हो, चौकीवर महिन्याला कांहीं पोंचवावें लागतें काय?’ तो प्रथम हंसतो, मग इकडेतिकडे पाहतो, आणि शेवटीं म्हणतो, ‘द्यावेंच लागतें, त्यांत विचारायचें काय?’ हप्त्याच्या रकमेपेक्षां हे शेवटचे तीन शब्द आम्हांस अधिक भयंकर वाटतात. रक्कम बहुधा लहान असते. ती मालाच्या किंमतींत मिसळून अखेर गिऱ्हाइकाच्या खिशांतूनच निघते. परंतु ज्या दिवशीं व्यापारी ही रक्कम मनांतल्या मनांत ‘किरकोळ खर्च’ या सदराखालीं मांडूं लागला, त्या दिवशीं अन्यायाचा राग येण्याचा आपला हक्क त्यानें सोडून दिला असें समजावें. आणि जेथें कोणास रागच येत नाहीं, तेथें सुधारणा करण्याची निकड कोणत्या सरकारास भासणार?

या विषयावर आम्ही लिहितों तें पोलिसांस शिव्या देण्यासाठीं नव्हे. तो धंदा सोपा आहे, आणि टाळ्या मिळण्यापलीकडे त्यांतून कांहीं निष्पन्न होत नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या सहायक फौजदारानें, हातांत लाठीपलीकडे शस्त्र नसतां, अतिरेक्याची बंदूक धरून ठेविली, अंगावर गोळ्या झेलल्या, आणि आपल्या प्राणाच्या मोलानें त्यास जिवंत पकडून दिलें. ओंबळे हे याच खात्यांत, याच पगारावर, याच शिस्तींत वाढलेले होते. तेव्हां ‘पोलिसांत जाणारीं माणसेंच मूळचीं वाईट’ हें म्हणणें टिकत नाहीं. शेतकऱ्याचा, गिरणीकामगाराचा किंवा शाळामास्तराचा मुलगा पहांटे उठून धांवण्याचा सराव करितो, परीक्षा देतो, आणि अंगावर खाकी कपडे चढतात त्या दिवशीं त्याचे वडील आळींत पेढे वांटतात. त्या दिवशीं तो लांचखाऊ नसतो. पुढें तो तसा कसा होतो, कोणाच्या डोळ्यांदेखत होतो, आणि त्या डोळ्यांनीं तें पाहूनही न पाहिल्यासारखें कां केलें, हा खरा प्रश्न आहे.

दुसरें नेहमींचें उत्तर पगाराचें. शिपायाचे हाल खरे आहेत. लोकांच्या सणाला त्याचा बंदोबस्त, लोकांच्या मिरवणुकीला त्याचें उभें राहणें, पाळी बारा तासांची झाली तरी सुटका होईलच असा नेम नाहीं, आणि राहण्यास गळक्या वसाहतींतील दोन खोल्या. हीं गाऱ्हाणीं दूर झालींच पाहिजेत, व तीं मांडण्यास आमचें पत्र मागें राहणार नाहीं. परंतु लांचेचें कारण केवळ पगार हेंच असतें, तर वेतन वाढतांच लांच कमी व्हावयास पाहिजे होती, आणि वरच्या पायऱ्यांवर ती मुळींच दिसावयास नको होती. तसें आढळत नाहीं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सांपळ्यांत शिपाई सांपडतो तसा निरीक्षकही सांपडतो. आणि त्या विभागाच्या आंकड्यांत महसूल व पोलीस या दोन खात्यांचीं नांवें वर्षानुवर्षें अगदीं वरच्या जागीं असतात. शिपाई एक वेळ पोटासाठीं घेत असेल. परंतु निरीक्षकाचें पोट पगारांत भरतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, शिपायाची लांच हें वरिष्ठाच्या देखरेखीचें माप आहे. हाताखालचा मनुष्य काय करितो हें ज्यास कळत नाहीं तो अधिकारी नालायक. कळूनही जो गप्प बसतो तो भागीदार. यांत तिसरी जात नाहीं. आणि नीतीचे पाठ द्यावयाचे असतील तर ते शिपायापासून नव्हे, वरून सुरू झाले पाहिजेत.

हें दुखणें जुनें आहे. १८५५ सालीं मद्रास इलाख्यांतील छळाची चौकशी करणाऱ्या कमिशननें, साऱ्याच्या वसुलीसाठीं आणि कबुलीजबाब काढण्यासाठीं रयतेचा छळ होतो, हें सरकारदरबारीं नमूद केलें. पुढें १८५७ चा उठाव झाला, आणि त्यानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. परक्या राज्यकर्त्यांस लोकांच्या विश्वासाचें नव्हे, तर लोकांवर धाक बसविणारें खातें हवें होतें. आणि तें त्यांनीं निर्माण केलें. शिपाई जमादारास जबाबदार, जमादार सुपरिंटेंडेंटास, सुपरिंटेंडेंट सरकारास, आणि सरकार कोणासच नाहीं, अशी ती रचना. खालून वर जाणारी ही शिडी रयतेच्या अंगणांत कोठेंच टेकलेली नव्हती.

या खात्यावर त्याच्या निर्मात्यांचा तरी विश्वास होता काय? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें २५ वें कलम पाहावें. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें तें सांगतें. सरकारनें आपल्याच खात्यास लिहून दिलेलें हें अविश्वासपत्र होय. याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. तो जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलांत आला; आणि त्याच्याही २३ व्या कलमांत तेंच तत्त्व जसेंच्या तसें राहिलें. राहिलें तें योग्यच झालें. तें काढलें असतें तर आम्हींच ओरड केली असती. परंतु दीडशें वर्षांत राज्य बदललें, झेंडा बदलला, कायद्याचें नांवही बदललें. आणि तरीही बंद खोलींत पोलिसानें घेतलेल्या जबाबावर विसंबून राहण्याचें धाडस कायदेमंडळास झालें नाहीं, ही लाजेची गोष्ट कोणाची?

१९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. त्यानें काढलेला निष्कर्ष असा: खातें कार्यक्षम नाहीं, त्याचें शिक्षण व रचना सदोष आहेत, त्याच्यावरील देखरेख अपुरी आहे, लोक त्यास लांचखाऊ व जुलमी समजतात, आणि लोकांचा विश्वास व सहकार्य तें मिळवूं शकलेलें नाहीं. साहेबांनींच साहेबांच्या खात्याविषयीं इतकें स्पष्ट लिहिलें, ही त्यांची प्रामाणिकता मान्य केली पाहिजे. परंतु ज्या धाकावर राज्य उभें होतें तो धाक कमी करण्याची इच्छा मात्र त्या राज्यकर्त्यांस नव्हती, आणि मूळ रचना तशीच राहिली.

परक्या सरकारावर खापर फोडण्याची सोय १५ ऑगस्ट १९४७ रोजीं संपली. त्यानंतर आम्ही काय केलें? न्यायखातें अंमलबजावणीच्या खात्यापासून वेगळें करावें ही राष्ट्रसभेची पहिल्या दहा वर्षांतील मागणी. ती मुंबई राज्यांत १९५१ च्या कायद्यानें व पुढें साऱ्या देशांत १९७३ च्या फौजदारी संहितेनें पुरी झाली. म्हणजे मनांत आणलें तर आपल्याला करतां येतें. परंतु पोलीसखात्याच्या सुधारणेचा विचार करण्यास राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला तो १९७७ सालीं, आणीबाणींत पोलिसांच्या सत्तेचा दुरुपयोग लोकांनीं डोळ्यांनीं पाहिल्यावर. धरमवीर हे त्याचे अध्यक्ष होते. १९७९ ते १९८१ या काळांत आयोगानें आठ अहवाल दिले. पोलिसांवर येणारें राजकीय दडपण, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी, ठाण्यावरील नेमणुका, शिपायाची स्थिति, या सर्वांचा त्यांत विचार आहे. अहवाल छापले गेले, त्यांस पुठ्ठे चढले, आणि ते कपाटांत गेले.

आयोगाच्या तिसऱ्या अहवालांतील एक गोष्ट प्रत्येक गृहस्थानें लक्षांत ठेवावी. होणाऱ्या अटकांपैकीं शेंकडा ६० च्या आसपास अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, आणि अटकेचा अधिकार हा पोलिसांतील लांचेचा एक मुख्य उगम आहे, असें त्यांत म्हटलें आहे. न्यायाच्या कचेऱ्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस यांत आश्चर्य वाटणार नाहीं. लांच ही ठाण्यांत मुख्यतः चार दारांशीं घेतली जाते. पहिलें दार फिर्याद नोंदण्याचें: दखलपात्र गुन्हा असूनही ‘अदखलपात्र’ म्हणून वहींत चार ओळी खरडावयाच्या, आणि पुढचें काम पैशावर ठेवावयाचें. दुसरें दार अटकेचें: करण्याबद्दल एका पक्षाकडून, न करण्याबद्दल दुसऱ्या पक्षाकडून. तिसरें दार मुद्देमालाचें: चोरीस गेलेला माल सांपडला, गाडी हातीं लागली, परंतु मालकाच्या हातीं पडेना. चौथें दार कागदाचें: पंचनाम्यांत काय यावें, काय राहून जावें, दोषारोपपत्र केव्हां जावें, आणि कोणत्या कलमाखालीं जावें.

या चारही दारांवर कायद्यानें पहारे बसविलेले नाहींत असें नाहीं. कांहीं ठराविक प्रकार वगळतां दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदणें बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला. अटक करण्याचा अधिकार असणें वेगळें आणि अटकेची गरज असणें वेगळें, हें त्याच न्यायालयानें १९९४ सालीं सांगितलें; आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कारणें लिहून ठेवल्याखेरीज अटक करूं नये असें २०१४ सालीं बजाविलें. मुद्देमाल ठाण्यांत कुजत ठेवूं नये, योग्य जामीन घेऊन तो लवकर मालकाच्या हवालीं करावा, असें गुजरातेंतील एका प्रकरणांत २००२ सालीं ठरलें. म्हणजे कायदा अपुरा नाहीं. या प्रत्येक गोष्टीचा कागद ठाण्यांत तयार होतो, वही लिहिली जाते, आणि ती वही पाहण्यासाठीं सरकारनें उपअधीक्षक व अधीक्षक पगार देऊन ठेविले आहेत. मग ते पाहतात तें काय?

पाहत नाहींत याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण नेमणुकीचें. ज्या अधिकाऱ्यानें विशिष्ट ठाणें मिळविण्यासाठीं कोणा पुढाऱ्याचे उंबरठे झिजविले किंवा थैली मोकळी केली, तो त्या ठाण्याकडे कामाची जागा म्हणून नव्हे, तर भांडवल गुंतविलेली पेढी म्हणून पाहणार, हें व्यापाऱ्यांस समजावून सांगावयास नको. गुंतविलेलें भांडवल व्याजासह वसूल करण्याची घाई त्यास असते, कारण बदली केव्हां येईल याचा नेम नसतो. दुसरें कारण आंकड्यांचें. जिल्ह्यांत गुन्हे कमी झाले असें कागदावर दिसावें, ही वरून येणारी इच्छा; ती पुरी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे फिर्यादच न घेणें. ज्या साहेबास कमी आंकडे हवे आहेत, तो फिर्याद न घेणाऱ्या हवालदारास कोणत्या तोंडानें विचारणार? तिसरें कारण भाऊबंदकीचें. ‘आपल्या खात्याची अब्रू’ या गोंडस नांवाखालीं खात्यांतील पापावर पांघरूण घालणें हाच वरिष्ठाचा धर्म होऊन बसतो.

या पांघरुणाखालीं केवळ पैसाच लपतो असें कोणीं समजूं नये. २०१७ सालच्या नोव्हेंबरांत सांगली येथें चोरीच्या संशयावरून कोठडींत घेतलेला एक तरुण पळून गेला, असें पोलिसांकडून सांगण्यांत आलें. तपासाअंतीं बाहेर आलें तें असें कीं, तो कोठडींतच मारहाणीनें मेला, आणि त्याचें प्रेत आंबोलीस नेऊन जाळण्यांत आलें. त्या ठाण्याच्याच अधिकाऱ्यास व शिपायांस खुनाच्या आरोपावरून अटक झाली. एक माणूस मारला जातो, त्याचें प्रेत ठाण्याबाहेर निघतें, मैलोगणती दूर जातें, आणि ‘पळाला’ अशी नोंद तयार होते. हें एका संतापी मनुष्याच्या हातून घडणारें काम नव्हे. आपल्याला कोणी विचारणार नाहीं, अशी अनेकांची एकाच वेळीं खात्री असावी लागते. ही खात्री एका रात्रींत उत्पन्न होत नाहीं. ती रोजच्या लहान लहान न-विचारण्यांतून, हातगाडीवाल्याच्या दहा-वीस रुपयांच्या न-विचारण्यांतून, हळूहळू घट्ट होत जाते. जो हात पैशासाठीं कोणी धरिला नाहीं, तोच हात पुढें काठीसाठीं मोकळा राहतो. म्हणून दुकानदाराचा हप्ता आणि कोठडींतील मृत्यु या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असें आम्हीं मानीत नाहीं.

असा कांहीं प्रकार उघड झाला कीं वरून एक ठरीव उत्तर येतें: पेटींत एखादा आंबा नासका निघायचाच, तो काढून टाकला आहे. हें उत्तर आपल्याकडेच देतात असें नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरांत फ्रँक सर्पिको या पोलिसानें आपल्या सोबत्यांच्या हप्तेबाजीची माहिती वरिष्ठांस पुन्हां पुन्हां दिली. कोणीं दाद घेईना, तेव्हां १९७० सालीं ती वर्तमानपत्रांत आली, आणि शहराच्या महापौरांस नॅप कमिशन नेमावें लागलें. १९७२ च्या अहवालांत त्या कमिशननें ही नासक्या फळाची उपपत्तिच सुधारणेच्या आड येणारी म्हणून झुगारून दिली. लांच खाणारांचे त्यानें दोन वर्ग केले: समोर येईल तेवढें चरणारे, आणि शिकार शोधीत हिंडणारे. शिकार करणारे थोडे असतात. परंतु चरणारे पुष्कळ असल्यामुळें लांच ही खात्याची रीत बनते, आणि न घेणारा मनुष्यच परका ठरतो. प्रामाणिक शिपायास बोलण्याची भीति वाटावी आणि लांचखाऊ शिपायास घेण्याची वाटूं नये, ही स्थिति ज्यांनीं येऊं दिली ते वरिष्ठच खरे गुन्हेगार होत.

आतां उपायाकडे वळूं. येथें हाँगकाँगचें उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण तेथील पोलीस खातेंही आपल्यासारखेंच इंग्रजांनीं वसाहतीसाठीं घडविलेलें होतें. तेथें लांचेची चौकशी करणारी कचेरी पोलीस खात्याच्या पोटांतच होती. १९७३ सालीं पीटर गॉडबर नांवाच्या बड्या पोलीस अधिकाऱ्याजवळ ४३ लाख हाँगकाँग डॉलरांहून अधिक मालमत्ता आढळली. तिचा खुलासा त्यास मागण्यांत आला; परंतु खुलासा देण्याऐवजीं, आपल्या पोलिसी परवान्याच्या बळावर विमानतळावरील तपासणी चुकवून तो विलायतेस पळाला. लोक रस्त्यावर आले. चौकशी झाली, त्या चौकशींत तेथील पोलिसांत प्रचलित असलेली एक म्हण पुढें आली. लांच ही धांवती बस आहे. वाटल्यास तींत चढा, वाटल्यास तिच्या बाजूनें धांवा, परंतु तिच्या आडवे उभे राहूं नका.

गव्हर्नर मॅकलहोस यांनीं १९७४ च्या फेब्रुवारींत पोलिसांपासून पूर्णपणें अलग, केवळ गव्हर्नरास जबाबदार असें लांचप्रतिबंधक मंडळ स्थापन केलें. त्याच्या तीन शाखा ठेविल्या: एक गुन्ह्याचा तपास करणारी, दुसरी लांचेस वाव देणाऱ्या कार्यपद्धति शोधून त्या बदलविणारी, आणि तिसरी लोकशिक्षणाची. १९७५ च्या जानेवारींत गॉडबरास परत आणण्यांत आलें, आणि त्यास चार वर्षांची शिक्षा झाली. काम सरळपणें चाललें असें मात्र नव्हे. २८ ऑक्टोबर १९७७ रोजीं चिडलेले पोलीस त्या मंडळाच्या कचेरींत घुसले. आणि नोव्हेंबरांत गव्हर्नरास, १९७७ पूर्वींच्या बहुतेक लहानसहान अपराधांची चौकशी सोडून द्यावी लागली. ही माफी न्यायाच्या कांट्यावर उतरत नाहीं. परंतु मंडळ मोडलें नाहीं, मागचें सोडून पुढचें घट्ट धरलें, आणि संघटित हप्तेबाजीची कंबर तेथें मोडली. धडा सरळ आहे. खात्याची चौकशी खात्याच्या हातीं असेतोंवर कांहीं झालें नाहीं. ती बाहेरच्या हातीं गेली तेव्हां झालें.

आपल्याकडे ही दिशा सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं दाखविली. प्रकाश सिंग या निवृत्त पोलीस महासंचालकांनीं १९९६ सालीं केलेल्या अर्जावर तो निकाल झाला. पोलीस खात्यांतूनच ही फिर्याद निघाली, ही गोष्ट त्या खात्यांतील प्रामाणिक माणसांस भूषणावह आहे. न्यायालयानें सात आज्ञा दिल्या. राज्याचें सुरक्षा मंडळ असावें. महासंचालकाची निवड गुणांवर व्हावी व त्यास किमान दोन वर्षें काढूं नये. ठाण्याच्या व जिल्ह्याच्या प्रमुखासही तशीच मुदत असावी. तपासाचें काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळें करावें. बदल्या व बढत्या खात्याच्या आस्थापना मंडळानें कराव्या. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यास राज्यांत व जिल्ह्यांत निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरणें असावीं, आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्या. आणि केंद्रांतही असेंच एक मंडळ असावें.

महाराष्ट्रानें २०१४ सालीं आपल्या पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून यांतील पुष्कळ गोष्टी पुस्तकांत आणल्या. निरीक्षकास ठाण्यावर दोन वर्षांची मुदत मिळाली, आस्थापना मंडळें झालीं, तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. परंतु त्याच कायद्यांत एक मागचें दारही ठेवण्यांत आलें. गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम अधिकारी, आस्थापना मंडळाच्या शिफारशीवांचूनही कोणाचीही बदली करूं शकतो. हे शब्द इतके रुंद आहेत कीं त्यांतून हत्ती जाईल. ज्याच्या हातीं मुदतीपूर्वीं बदली, त्याच्याच हातीं लगाम. आणि ज्याच्या हातीं लगाम नाहीं त्या जिल्ह्याच्या अधीक्षकानें देखरेख करावी, असें म्हणणें ही थट्टा होय. तक्रार प्राधिकरणाचेंही तसेंच. सामान्य मनुष्यास त्याचें नांव ठाऊक नाहीं, पत्ता ठाऊक नाहीं. आणि खेड्यांतल्या फिर्यादीनें मुंबईपर्यंत हेलपाटे घालावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. तें जिल्ह्याच्या गांवीं बसलें पाहिजे, आणि त्याच्या नांवाची पाटी प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मराठींत लागली पाहिजे.

यंत्रांवर भरंवसा ठेवणारांसही एक गोष्ट सांगणें आहे. प्रत्येक ठाण्यांत, कोठडींत व बोळांत कॅमेरे असावे, आणि त्यांतील चित्रण शक्य तर अठरा महिने, निदान एक वर्ष राखून ठेवावें, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२० मध्यें फर्माविलें. आज्ञा उत्तम आहे. परंतु कॅमेऱ्याची किल्ली त्याच ठाणेदाराच्या कमरेस असेल, तर हवा तो दिवस ‘बिघाडा’चा निघणार. कॅमेरा पाहतो; विचारीत नाहीं. विचारणारा मनुष्यच लागतो, आणि येथेंच नीतीचा प्रश्न येतो. नीति म्हणजे भिंतीवर लावलेलें सुभाषित नव्हे. अधीक्षकानें वेळीअवेळीं ठाण्यांत शिरून कोठडी उघडून पाहणें, आंतल्या मनुष्यास त्याचें नांव विचारणें, स्टेशन डायरी स्वतः वाचणें, नाकारलेल्या फिर्यादीच्या माणसास बोलावून घेणें, आणि खरें बोलणाऱ्या शिपायाच्या पाठीशीं उभें राहणें, याला आम्हीं वरिष्ठाची नीति म्हणतों. अशी देखरेख प्रामाणिक शिपायास जाचक होत नाहीं; उलट सोबत्यांच्या दडपणास ‘साहेब पाहतात’ एवढें उत्तर देण्याची सोय त्यास होते.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांस, आणि त्यांत आम्ही स्वतःही आलों. आमच्या वकिलीच्या धंद्यांतील मंडळी अशिलास ‘एकदां साहेबांना भेटून घ्या’ असा सल्ला देतात, तेव्हां त्या भेटण्याचा अर्थ काय हें दोघांसही ठाऊक असतें. व्यापारी हप्ता देतात तो नेहमींच भीतीनें देतात असेंही नाहीं. पदपथावर माल मांडतां यावा, गाडीवर जादा माल चढवितां यावा, म्हणूनही देतात. ही लांच जुलमाची नव्हे, सौद्याची आहे, आणि सौद्यांत दोन्ही पक्ष सारखेच दोषी. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें लांच देणें हाही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरला आहे. मात्र ज्यास ती बळजबरीनें द्यावी लागली, त्यानें सात दिवसांच्या आंत तपासयंत्रणेस कळविलें तर त्यास हें कलम लागत नाहीं. ही सवड व्यापाऱ्यांनीं समजून घ्यावी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. पैसे देण्यापूर्वींच कळविणें सर्वांत उत्तम.

एकटा दुकानदार घाबरतो, आणि त्याचें घाबरणें खोटें नाहीं. उद्यां त्याच हवालदाराच्या हद्दींत त्यास दुकान उघडावयाचें असतें. परंतु पेठेंतील पन्नास दुकानांचा संघ घाबरण्याचें कारण काय? करवाढ झाली कीं जे संघ एका दिवसांत बाजार बंद ठेवूं शकतात, त्यांनीं हप्त्याविषयीं एक ठराव करून तो अधीक्षकाच्या व तक्रार प्राधिकरणाच्या हातीं लेखी द्यावा. तशी प्रत आमच्याकडे आली तर ती आम्ही छापूं. सरकारकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे: मुदतीपूर्वींच्या बदलीचें मागचें दार बंद करावें, तक्रार प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यांत बसवावें, आणि शिपायाच्या लांचेच्या प्रत्येक प्रकरणांत त्याच्या लगतच्या वरिष्ठानें त्या ठाण्याची तपासणी शेवटची केव्हां केली होती, हें चौकशींत विचारलें जावें. वाचकांकडे मागणें एकाच गोष्टीचें आहे. हप्त्याची रक्कम ‘किरकोळ खर्चां’त मांडणें सोडून द्यावें, आणि ती कोणास, कोणत्या तारखेस, कशाबद्दल दिली, हें वहींत स्वच्छ लिहून ठेवावें. तें लिहितांना ज्याचा हात कांपेल, त्यास आपण काय करीत होतों हें त्याच क्षणीं कळेल.